पाहुण्यांचं नाव

निपाणीजवळचा माळ,
गुरुवार, २४ फेब्रुवारी १९३८

प्रिय आक्का,

तुझं पत्र मंगळवारी पोचलं. पोस्टमन आता आमच्या कुंपणाच्या आत पाऊल टाकत नाही. बांधावरून हाक मारतो, पत्र दगडाखाली ठेवतो आणि पसार होतो, कारण दोन महिन्यांपूर्वी आमच्या खंड्या कुत्र्याने त्याचं धोतर फाडलं. त्यामुळे पत्र मातीने माखलेलं मिळालं, पण अक्षर तुझंच, टपोरं आणि हुकूम सोडणारं. तू दोन गोष्टी विचारल्या आहेस. एक, पुण्याचे पाहुणे पाडव्याला महिनाभर तुमच्याकडे येणार आहेत आणि जूनमध्ये तुझ्या कल्याणीला इंग्रजी शाळेसाठी आपल्या घरी पुण्याला ठेवून घ्यायचं म्हणताहेत, त्यावर माझं मत काय. दुसरी, ते आले की मी बेळगावात तुमच्या टिळकवाडीच्या घराकडे का फिरकत नाही. आईचे मावसभाऊ, म्हणजे आपले मामाच. तुझं लग्नही त्यांनीच जमवलं. आणि इतक्या वर्षांत मी त्यांच्याशी धड चार शब्द बोललेली तू पाहिली नाहीस, ह्याला उर्मटपणा नाही तर काय म्हणावं. भावोजी आठवड्याभरात त्यांना होकार कळवणार आहेत, असंही तू लिहिलंस. दोन्हींचं उत्तर देते, पण शेवटी देते. तू कादंबरीचं शेवटचं पान आधी वाचणाऱ्यांतली, ते इथे करू नकोस. आणि कार्ड न लिहिता पाकीट पाठवते आहे ते एवढ्यासाठी, की हे आधी तू एकटीने वाचावंस.

आधी इकडची खबर. दसऱ्याला आम्ही बेळगावचं बिऱ्हाड मोडून निघालो तेव्हा तू म्हणाली होतीस, वसूच्या नवऱ्याला शाळेत पोरं हाकून कंटाळा आला, आता मेंढरं हाकणार. मी ते ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, मेंढरं निदान ऐकतात. ऐकत नाहीत, आक्का. निपाणीच्या आसपासची चांगली काळी जमीन सगळी तंबाखूखाली गेलेली. ह्यांच्या काकांनी ह्यांच्यासाठी मागे ठेवला तो उघडा माळ, कुसळी गवताचा, मधून एक ओढा आणि दोन खोल्यांचं कौलारू घर. त्यावर मेंढरांखेरीज दुसरं काही होण्यासारखं नव्हतं. ह्यांनी सरकारी पुस्तिका मागवून वाचल्या आणि कामाला यल्लाप्पा धनगर आणि त्याची बायको मालुबाई ह्यांना ठेवलं. पहिल्या आठवड्यातच पुस्तिका मिटल्या. आता यल्लाप्पा सांगतो आणि हे माना डोलावतात. ऐंशी मेंढ्या आहेत. यल्लाप्पा त्यांना मेंढ्या म्हणत नाही, 'बकरी' म्हणतो, आणि बकरीला शेळी. नावांचा घोळ असा पहिल्या दिवसापासून आहे. सासूबाई अजूनही विचारणाऱ्यांना "मुलगा शेती बघतो" एवढंच सांगतात.

पौषात मेंढ्या व्यायला लागल्या. रोज सकाळी दोन-चार कोकरं वाढलेली असत, ओलीचिंब, उभी राहायला गेली की चार पाय चार दिशांना. पहिले आठ दिवस मी रोज काही ना काही करपवलं, कारण चुलीपुढे बसवेना. मूल नसलेल्या बाईला कोकरांचं खूळ लागलं असं तू म्हणशील. म्हण, खोटं नाही. मेंढ्या दिवसा लांब चरायला जातात. कोकरांना तेवढं चालवत नाही, म्हणून ती दिवसभर घराजवळ राहतात आणि संध्याकाळी आया आल्या की पितात. तोवर त्यांचा सांभाळ बायकांकडे. बाभळीच्या काट्यांचं छातीएवढं कुंपण, आत बांबूची मोठी डालगी उपडी घातलेली, एकेका डालग्याखाली तीन-चार कोकरं, वर दगड, आणि बाहेर खंड्या मोकळा. खंड्याच्या गळ्यात लोखंडी पट्टा आहे, त्याला बाहेरच्या बाजूने खिळे. कशासाठी ते मी विचारलं नव्हतं. हौसेने घातला असेल असं वाटलं. माळावर लांडगे आहेत हे कानावर होतं, पण आमच्या घरात कोणी त्यांची गोष्ट काढत नसे, म्हणून मी समजले, असतील कुठे तरी लांब.

संक्रांतीनंतरचा चौथा दिवस. हे निपाणीला बाजाराला गेले. जाताना सांगून गेले, लोकर बघायला हुबळीचे एक व्यापारी यायचे आहेत, माझ्याआधी पोचले तर बसवून घे, चहा कर, आणि त्याआधी खंड्याला बांध. धोतराची हकीकत ताजी होती. यल्लाप्पा मेंढरं आणि दुसरं कुत्रं घेऊन टेकाडापलीकडे गेला होता. मालुबाई ओढ्याच्या अंगाला बाभळीचा पाला तोडत होती. दहाचा सुमार असेल. मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. तेवढ्यात मालुबाईची हाक आली, "वैनीसाब, पाव्हणं! पाव्हणं आल्यात!" पुढेही ती काही ओरडली, पण वाऱ्याने ते दुसरीकडेच नेलं.

मी काय केलं ते जसंच्या तसं लिहिते. उठून खंड्याला धरलं. तो पिसाळल्यासारखा ओढत होता. त्याला गोठ्याच्या खुंट्याला साखळीने बांधलं. त्याच्या तोंडावर एक चापट मारली आणि म्हटलं, गप्प बस, पाहुणे आलेत. आत जाऊन चुलीवर आधण ठेवलं. बश्या पुसल्या, एकीचा टवका गेलेला होता, ती मागे ठेवून दुसरी काढली. पदर नीट केला. तांब्या भरून घेतला. एवढं करायला जितका वेळ लागतो तितका लागला. खंड्या सारखा भुंकत होता, आणि मला लाज वाटत होती की बाहेर माणसं उभी असतील आणि हे कुत्रं आपल्या घराची अब्रू घालवतंय.

बाहेर दोन लांडगे होते. मला वाटायचं लांडगा दांडगा असतो. तसा नसतो, आपल्या गल्लीतल्या कुत्र्याएवढाच, पायांनी थोडा उंच, पोट खपाटीला गेलेलं. कुंपणात कुठून शिरले कोण जाणे. त्यांना घाई अशी नव्हतीच. एकाने डालगं नाकाने कलतं केलं, वरचा दगड गडगडला. दुसऱ्याने कोकरू मानेला धरून उचललं. कोकरू ओरडलंसुद्धा नाही. त्या लांडग्याने मान वळवून एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ही काही करणार नाही हे त्याला कळलं. खरंच मी काही केलं नाही. तांब्या हातात घेऊन उभी राहिले. तोंड उघडलं होतं, पण आवाज फुटला नाही. हे असं आवाज न फुटणं मला नवीन नाही. त्याचं पुढे लिहिते.

मालुबाई कोयता घेऊन धावत आली, तिने आधी खंड्याची साखळी सोडली आणि मग लांडगे पळाले. दोन कोकरं नेली, तीन तिथेच पडली होती. साखळीला हिसके देऊन देऊन खंड्याची पट्ट्याखालची कातडी सोलून निघाली होती. आत आधण आटून भांडं काळं झालं. हुबळीचे व्यापारी आलेच नाहीत.

मालुबाई मला एक शब्द लागेल असं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. पिढ्यान्‌पिढ्यांचं रागावणं गिळलेली बाई ती, तिला गप्प बसायचं चांगलं जमतं. संध्याकाळी मेंढ्या परत आल्या. दारातूनच त्या आपापल्या कोकराला हाका मारतात आणि ऐंशी हाकांतून कोकराला आपली आई बरोबर कळते. पाच मेंढ्या हाका मारत राहिल्या. ह्या डालग्यापासून त्या डालग्यापर्यंत जायच्या, दुसऱ्याचं कोकरू हुंगायच्या, ढकलून द्यायच्या आणि पुन्हा हाक. दुधाने सड तटतटलेले. यल्लाप्पाने एका मेलेल्या कोकराचं कातडं काढून ते एका पोरक्या कोकराच्या अंगाला बांधलं, तेव्हा त्याच्या वासाने एका मेंढीने त्याला जवळ घेतलं. उरलेल्या चौघी दोन दिवस ओरडत होत्या. मला जेवण गेलं नाही. मी रडले, आणि हे म्हणाले, जाऊ दे, तुला काय माहीत. ते मात्र खरं होतं. मला काय माहीत?

मग मला समजावून सांगण्यात आलं. धनगराच्या वाड्यावर लांडग्याला लांडगा म्हणत नाहीत, 'पाव्हणा' म्हणतात. नाव घेतलं की त्याला वाटतं बोलावलं. दसऱ्यापासून मी इथे आहे, ह्यांनाही हे माहीत होतं, पण मला सांगायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट कोणी सांगत नाही. मी आधी हसले, मग विचार केला की हसण्याचा मला काय अधिकार? आपल्याकडे तरी वेगळं काय आहे. साप निघाला तर 'जनावर' निघालं म्हणायचं. अंगावर फोड उठून पोर तापाने फणफणलं तर 'देवी आल्या' म्हणायचं. बांगडी फुटली तर 'वाढली'. निघताना 'जाते' म्हणायचं नाही, 'येते' म्हणायचं. नवऱ्याचं नाव तर उखाण्याशिवाय घ्यायचंच नाही. नऊ वर्षं झाली, मी 'हे' आणि 'इकडून' ह्यांवर संसार चालवते आहे. ज्याचं ज्याचं भय त्याला आपण गोड नाव देतो, पाट मांडतो, आणि त्याच्यावर भुंकणाऱ्याला बांधून घालतो.

मी यल्लाप्पाला म्हटलं, आजपासून मी लांडगा म्हणणार. त्याला ते मुळीच आवडलं नाही. म्हणाला, "वैनीसाब, तुमी शिकल्याली मानसं, पर ह्यात तुमचं काय चालायचं न्हाय. न्हाव घेतलंसा की त्यो हजर." त्यावर मालुबाई, जी नवऱ्यासमोर कधी तोंड उघडत नाही, ती भाकरी थापता थापता म्हणाली, "न्हाव न घेता तरी कुठं ऱ्हातोय त्यो? माझ्या देखत तीस-चाळीस कोकरं न्हेली. एकदा तरी कुनी न्हाव घेऊन बोलीवलं व्हतं व्हय?" यल्लाप्पा उठून बाहेर गेला आणि बिरोबाच्या दगडापुढे जरा जास्तच वेळ बसला.

पण म्हणणार म्हटलं तरी म्हणता यायला हवं. तुला गंमत वाटेल, मी सराव केला. दुपारी मेंढरं लांब असताना माळाच्या टोकाला जायचे आणि ओरडायचे, लांडगा. पहिल्या दिवशी आवाज माझा मलाच ऐकू येईना. दुसऱ्या दिवशी एक टिटवी उडाली. मालुबाई कमरेवर हात ठेवून बघत होती, म्हणाली, "वैनीसाब, लागिर झालंया का तुमास्नी?" आणि मग हसत हसत माझ्याशेजारी उभी राहून तीही ओरडली. जन्मात पहिल्यांदा तिने ते नाव तोंडातून काढलं. ओरडून झाल्यावर तिने इकडे तिकडे पाहिलं, काही झालं नाही, मग पुन्हा ओरडली, पहिल्यापेक्षा मोठ्याने. आठवडाभर आम्ही दोघी तिथे ओरडत होतो. बाजूच्या शेतातले गडी काय म्हणत असतील ते देव जाणे.

गेल्या शनिवारी सकाळी पुन्हा आला. एकटाच होता, ओढ्याच्या बाजूने सरपटत आल्यासारखा आला. मी विहिरीवर होते. खंड्या मोकळाच होता. आता तो कोणासाठीही बांधला जात नाही, पोस्टमनला मी तसा निरोप धाडला आहे. खंड्या भुंकला, मी वळून पाहिलं आणि ओरडले. काय ओरडले म्हणून काय विचारतेस, नाव घेऊन ओरडले, इतक्या जोरात की हे दाढी अर्धी टाकून वस्तरा घेऊन बाहेर धावले. मालुबाई ओरडली. खंड्या त्याला भिडला. लांडग्याने त्याचा गळा धरायला तोंड घातलं आणि पट्ट्याच्या खिळ्यांवर तोंड फोडून घेऊन पळाला. पट्टा कशासाठी असतो ते मला तेव्हा कळलं. एकही कोकरू गेलं नाही. यल्लाप्पाने संध्याकाळी सगळी डालगी दोनदा उचलून पाहिली आणि मला एवढंच म्हणाला, "न्हाव घेतलंसा म्हनून तर आला." मी म्हटलं, असेल, पण गेलासुद्धा. त्याच्या चौथ्या दिवशी तुझं पत्र आलं.

आता तुझ्या दोन प्रश्नांची उत्तरं. आपले अण्णा त्यांना कौतुकाने 'पुण्याचे पाहुणे' म्हणायचे, घरात तेच नाव पडलं, तूही तेच लिहितेस आणि ह्या पत्रात वर मीही तेच लिहिलं. त्यांचं नाव दत्तोपंत. १९२१ सालच्या मे महिन्यात दत्तोपंत खानापूरला आपल्या घरी पंधरा दिवस राहिले होते. मी अकरा वर्षांची होते, आज कल्याणी आहे तेवढी, आणि तू चौदाची. दुपारी सगळे निजले की मला इंग्रजी शिकवायला म्हणून ते माडीवर बोलवत. आपला मोत्या त्यांच्यावर पहिल्या दिवसापासून भुंकत होता, म्हणून आईने त्याला मागच्या फणसाला बांधून घातलं होतं, आठवतं? माडीवर इंग्रजी शिकवलं गेलं नाही. दाराला आतून कडी असे. ह्याहून जास्त मी कागदावर लिहिणार नाही, तू बाई आहेस, तुला कळेल. मी ओरडले नाही, आवाज फुटला नाही. मोत्या मात्र दुपारभर भुंकायचा, आणि खिडकीतून तुझा आवाज ऐकू यायचा, "गप्प बस रे मोत्या, पाहुणे निजलेत." त्यात तुझा दोष नाही. तुला शिकवलं तेच तू करत होतीस. अठ्ठावीस वर्षांची घोडी होऊन मीही इथे तेच केलं. ते गेल्यावर आईला सांगायला गेले, तर तिने माझ्या तोंडावर हात ठेवला आणि म्हणाली, मोठ्या माणसांचं असं नाव घेऊ नये. मी सतरा वर्षं घेतलं नाही. मला त्यांचा राग आहे, आक्का, आणि आईचाही आहे, ती गेली तरी आहे. कल्याणीला पुण्याला पाठवू नकोस. दत्तोपंतांना पाडव्याला दारात येऊ देऊ नकोस. भावोजींनी पत्र टाकलं असेल तर तार कर. कारण काही लिहू नकोस, ते त्यांना ठाऊक आहे. मी हे सगळं काल रात्री ह्यांना सांगितलं. ह्यांना म्हणजे मार्तंडांना. नावं घ्यायला बसलेच आहे तर हेही घेते. ते म्हणाले, मी शनिवारच्या मोटारीने बेळगावला जातो. हे पत्र तुला उद्या मिळेल, परवा ते तुझ्या दारात असतील. भावोजींना तुला सांगवलं नाही तर ते सांगतील. कल्याणीला चार दिवस इकडे पाठवलीस तर कोकरांत रमेल, आणि तिला माळावर ओरडायला मी शिकवीन. तोवर तिला जवळ बसव आणि दत्तोपंतांचं नाव घेऊन नीट सांग, पाहुणे म्हणू नकोस. तुमच्या बंगल्यात कुत्रं नाही. तेव्हा भुंकायचं ते तुलाच आहे.

तुझीच,
वसू